धुराडं

वाटणीत चूल आमच्याकडे आली,
धुराडं काकाकडे.
आजोबांनी असं का केलं, सांगायला ते उरले नाहीत,
आणि कागद करणारा वकील, म्हणे, झोपाळू होता.
पत्र्याची चूल, चार पाय, वर काळाकुट्ट जाड पत्रा.
आणि तिचं साडेचार हात धुराडं
भिंतीपलीकडे, काकाच्या खुराड्यावर
वर्षभर आडवं.

विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांत अबोला आला
तेव्हा मी दुसरीत होते.
आता माझा मुलगा दुसरीत आहे.

सप्टेंबर सरत येतो.
स्त्रुमिकाच्या सपाटीवर मिरच्या लाल होतात.
तिखट नव्हेत; वीतभर लांब, जाड सालीच्या,
पोटात नुसता गोडवा आणि वारा.
आई वाफ्यात उतरते, एकेकीच्या देठाशी बोट लावते,
जणू तब्येत विचारते आहे,
आणि वर येऊन म्हणते, "उद्या."

मग ब्लागोयला भिंतीवरून पाठवायचं.
तो जाऊन म्हणतो, "धुराडं द्या."
काका म्हणतो, "कोण मागतंय?"
तो म्हणतो, "मिरच्या."
हे त्याला कोणी शिकवलं, देव जाणे.

पहाटे धुराडं येतं, खांद्यावर, खाली काका.
बसवायची खुबी म्हणे त्यालाच ठाऊक.
मागून वांग्या काकू, मागून ढकलगाडी,
गाडीत त्यांची सहा पोती.
चूल पेटते. धूर सरळ वर जातो,
आणि अंगणात दिवसभर दोनच आवाज:
"उलट."
"उलटतोय."
मी एकदा मोजले. एकोणचाळीस शब्द.
त्यातले अठरा "उलट", चार "लाकूड",
एक शिवी, तीही मिरचीला.

आम्ही बायका सोलत बसतो.
भाजलेल्या मिरच्या झाकणाखाली घाम गाळतात,
मग साल आपोआप सुटते, काळी, कागदासारखी,
आणि बोटांना चिकटते ती तीन दिवस जात नाही.
पाण्यात बुडवायच्या नाहीत, चव जाते
यावर आई आणि काकूचं एकमत.
मीठ किती, यावर कधीच नाही.
व्हिनेगरच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमधून
फिल्का, काकाची मुलगी, श्टुटगार्टहून ओरडते,
"मला चौदा बरण्या! गेल्या साली दहाच पाठवल्यात!"
काकू म्हणते, "बसवाल्याने दोन खाल्ल्या असतील."
मग बाकीच्या दोन कुठे, हे कोणी विचारत नाही.

दुपार कलते. वांग्याचा गर, तेल, लसूण,
सगळं एका पातेल्यात, रटरट.
आता ढवळायचं. थांबलं की तळ लागतो.
लाकडी पळी बापाच्या हातात, मग काकाच्या,
मग पुन्हा बापाच्या.
पळी तळावरून ओढली की वाट पडली पाहिजे,
आणि क्षणभर तशीच राहिली पाहिजे.
तेव्हा झालं.

बाप पळी ओढतो. दोन्ही टकलं वाकतात.
वाट उघडते, तळ दिसतो,
मी पाहिलं, चांगली राहिली.
"अजून नाही," काका म्हणतो.
बाप पातेल्यात बघतो, मग काकाकडे.
"नाही," म्हणतो.
आई माझ्या पायाला पाय लावते.
आणखी पाऊण तास ते दोघे
तयार झालेलं आयवार ढवळत राहतात.
लाकूड घालतात. उन्हं भिंतीवरून उतरतात.
त्या वर्षीचं जरा घट्टच झालं, फिल्का म्हणाली.

गेल्या मंगळवारी बाजारात
लोखंडाच्या दुकानात नवं धुराडं पाहिलं,
आमच्याच मापाचं, सहाशे डेनार.
मी हात फिरवला. थंड होतं, गुळगुळीत.
"बांधून देऊ?" दुकानदार म्हणाला.
म्हटलं, "आहे आमच्याकडे."

रात्री बरण्या गोधडीत गुंडाळून ठेवल्या,
झाकणं आत ओढली गेली की टक् वाजतं,
अंधारात एक, मग बऱ्याच वेळाने दुसरं.
बाहेर काका धुराडं उतरवत होता,
ओल्या पोत्यात धरून,
अजून गरम.
बापाने दुसरं टोक धरलं, भिंतीपर्यंत.